गॅम्बिट : टांग, बळी की आमिष?

प्रश्न : ‘क्वीन्स गॅम्बिट’ या बुद्धिबळाच्या सुरुवातीसाठी एका मराठी भाषांतरात ‘राणीचे बलिदान’ असे शब्द वाचनात आले. मराठी पटावर राणी नसते, वजीर असतो, एवढे मला ठाऊक आहे. परंतु ‘बलिदान’ हा शब्द तरी तेथे योग्य आहे का? गॅम्बिटचा मूळ अर्थ काय? शिवाय बुद्धिबळ भारतातून जगात गेले असेल, तर या कल्पनेसाठी आपल्याकडे जुना शब्द असायला हवा, तो कोणता?

उत्तर : ‘राणीचे बलिदान’ या दोन शब्दांत दोन चुका आहेत, आणि दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. या सुरुवातीत वजीर कोणी देत नाही. पांढरा खेळाडू पहिल्या खेळीत वजिरासमोरचे प्यादे डी-४ घरात नेतो (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे असतात), काळा डी-५ ने उत्तर देतो आणि पांढरा सी-४ खेळून वजिराच्या बाजूच्या उंटासमोरचे प्यादे मारीत ठेवतो. ‘वजिराचा’ हे विशेषण पटाची बाजू सांगते, मारल्या जाणाऱ्या मोहऱ्याचे नाव सांगत नाही. त्याचप्रमाणे ‘राजाचा गॅम्बिट’ म्हणजे ई-४, ई-५ नंतरची एफ-४ ही खेळी होय. तेथेही पणाला लागते ते राजाच्या बाजूच्या उंटाचे प्यादे.

आता व्युत्पत्तीकडे वळू. इटालियन भाषेत ‘गाम्बा’ म्हणजे पाय आणि ‘गाम्बेत्तो’ म्हणजे चालत्या माणसाच्या पायात पाय घालून त्याला पाडणे. स्पेनमधील धर्मगुरू रुय लोपेस १५६०च्या सुमारास रोमला गेला होता. तेथे कानावर पडलेला हा शब्द त्याने १५६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या बुद्धिबळाच्या ग्रंथात सुरुवातीच्या खेळ्यांसाठी वापरला, आणि पुढे स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी असा प्रवास करत तो सर्वत्र रूढ झाला. म्हणजे शब्द मुळात कुस्तीच्या आखाड्यात शोभणारा आहे. आपल्याकडे ‘टांग मारणे’ हा कुस्तीतला डाव प्रसिद्ध आहे, त्यामुळे निव्वळ शब्दार्थ पाहिला तर ‘टांग’ हाच गॅम्बिटचा सर्वांत जवळचा मराठी भाऊ ठरतो. कुस्ती आणि बुद्धिबळ या दोहोंसाठी मराठीने ‘डाव’ हा एकच शब्द वापरावा, याचा मला या निमित्ताने फार आनंद वाटतो.

परंतु शब्द जेथून निघाला तेथेच त्याचा अर्थ थांबत नाही. पटावर गॅम्बिट म्हणजे डावाच्या अगदी सुरुवातीला, बहुधा एक प्यादे, प्रतिपक्षाने मारावे म्हणून पुढे करणे आणि त्याच्या मोबदल्यात वेळ, मोकळ्या वाटा किंवा पटाच्या मध्यावर ताबा मिळवणे. वेल्समधील जहाजाचा कप्तान विल्यम डेव्हिस एव्हन्स याने १८२०च्या दशकात शोधलेला गॅम्बिट हे याचे नितळ उदाहरण आहे. चौथ्या खेळीत तो बी-४ घरात प्यादे ठेवतो. काळ्याच्या उंटाने ते मारले की पांढरा सी-३ खेळून त्याच उंटाला हुसकावतो आणि लगेच डी-४ खेळून मध्य काबीज करतो. काळ्याचे एक प्यादे वाढते, पण उंटाची पळापळ होते आणि त्याचे बाकीचे मोहरे घरीच राहतात.

‘बलिदान’ ही याहून व्यापक कल्पना आहे. डावाच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी वजीरसुद्धा, देता येतो. हा फरक एकाच डावात पाहायचा असेल तर १८५१ मध्ये लंडनला अँडरसन आणि किझेरित्स्की यांच्यात झालेला डाव पाहावा. दुसऱ्या खेळीला अँडरसनने एफ-४ खेळून प्यादे पुढे केले, तो गॅम्बिट. पुढे त्याने एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला आणि उरलेला उंट व दोन घोडे यांच्या साहाय्याने मात केली. ही सगळी बलिदाने होत, त्यांना गॅम्बिट म्हणत नाहीत. उलट वजिराच्या गॅम्बिटमध्ये तर बलिदानाचा अंशही जेमतेम असतो, कारण काळ्याने सी-४ वरचे प्यादे मारले तरी पांढऱ्याला ते बहुधा परत मिळवता येते. पांढऱ्याने ई-३ खेळल्यावर काळ्याने ते राखण्याचा हट्ट धरून बी-५ खेळले, तर पांढरा ए-४ खेळतो. सी-६ ने आधार दिल्यावर बी-५ घरात मारामारी होऊन पांढरा वजीर एफ-३ वर येतो आणि कोपऱ्यातला हत्ती वाचवायला काळ्याला एखादा मोहरा गमवावा लागतो. नवशिके खेळाडू या सापळ्यात वर्षानुवर्षे पडत आले आहेत, मीही पडलो आहे.

आता जुन्या भारतीय शब्दाविषयी. खेळाचे मूळ भारतात आहे, हे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि शब्दांची साक्षही तीच आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. त्याचे मध्य फार्सीत ‘चत्रंग’ आणि अरबीत ‘शतरंज’ झाले. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त राजाच्या कारकिर्दीचे वर्णन करताना ‘अष्टापदानां चतुरङ्गकल्पना’ असा श्लेष साधला आहे. अष्टापद म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा पट. ‘चतुरंगकल्पना’ म्हणजे चार दलांची मांडणी, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हातपाय तोडण्याची शिक्षा. या राज्यात चतुरंगकल्पना फक्त पटावर आढळत असे, असे कवीला म्हणायचे आहे. शब्दचर्चेत रमणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ एकदा तरी मुळातून वाचावी. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त आणि सतराव्या शतकात मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाच्या ग्रंथातही या खेळाचे विवेचन आले आहे.

तरीही गॅम्बिटसाठी जुना संस्कृत किंवा मराठी शब्द शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण भाषेत नसून खेळाच्या नियमांत आहे. जुन्या खेळात वजीर तिरपे एकच घर चाले, आजच्या उंटाच्या जागीचा मोहरा तिरपी दोन घरे उडी मारी आणि प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरके. असा डाव पेटायला बराच वेळ लागे. चौथ्या खेळीला प्यादे देऊन दोन खेळ्या वाचवल्या, तरी त्या वाचलेल्या वेळात हल्ला करायला लांब पल्ल्याचे मोहरेच पुरेसे नव्हते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीत वजिराला व उंटाला आजची ताकद मिळाली, आणि मगच सुरुवातीच्या एकेका खेळीला मोल आले. रुय लोपेसने शब्द टिपला तो या बदलानंतर दोन-तीन पिढ्यांनी.

बलिदान मात्र जुन्या खेळातही होते. दिलारामच्या प्रसिद्ध कोड्यात पतीने डावावर आपली पत्नी दिलाराम हिला लावलेले असते. डाव हातचा जातो असे दिसताच ती सुचवते की दोन्ही हत्ती दे, पण दिलारामला देऊ नकोस. त्या सल्ल्याप्रमाणे हत्ती देऊन तो मात करतो. ही डावाच्या अखेरची युक्ती आहे. तिला बलिदान म्हणणे रास्त आहे, गॅम्बिट म्हणणे नाही.

पुरवणी प्रश्न : हे पटले. मग मराठीत लिहिताना नेमके काय लिहावे? ‘डाव’, ‘खेळी’, ‘आमिष’ की ‘गॅम्बिट’च?

उत्तर : ‘डाव’ आणि ‘खेळी’ हे दोन्ही शब्द बुद्धिबळात आधीच कामाला जुंपलेले आहेत. डाव म्हणजे संपूर्ण सामना आणि खेळी म्हणजे एक चाल. त्यांना तिसरा अर्थ चिकटवला तर वाचकाचा गोंधळ होईल. ‘आमिष’ अर्थाला जवळ आहे, पण त्यात फसवणुकीची छटा आहे. खरा गॅम्बिट उघड्यावर केलेला सौदा असतो; प्रतिपक्षालाही त्यामागचा हेतू दिसतो आणि तरीही प्यादे घ्यावे की नाही, हे ठरवणे त्याला जड जाते. म्हणून बुद्धिबळावर लिहिताना ‘गॅम्बिट’ हाच शब्द ठेवावा. शह आणि मात हे शब्दही फार्सीतूनच आले, आणि आज ‘शहकाटशह’ व ‘संकटावर मात’ लिहिताना कोणालाही ते परके वाटत नाहीत.

खेळाडूंच्या बोलण्यात मात्र याला एक अस्सल क्रियापद आहे. मला ज्यांनी खेळ शिकवला, ते अशा खेळीला नेहमी ‘प्यादं सोडलं’ असे म्हणत. ‘सोडणे’ यात जाणूनबुजून दिल्याचा भाव आहे, आणि बळीचा गंभीरपणाही नाही. वर्णन करताना ‘चौथ्या खेळीत त्याने बी-४ घरातले प्यादे सोडले’ असे लिहिले, तर परक्या शब्दाची गरजच उरत नाही.

पटाबाहेरच्या वापरासाठी गॅम्बिट आणू नये. इंग्रजीत वाटाघाटीतल्या किंवा संभाषणातल्या पहिल्या चलाख वाक्यालाही गॅम्बिट म्हणतात, पण काही गमावण्याची तयारी हा मूळ गाभा तेथे बहुतेकदा हरवलेला असतो. तेथे मराठीचे ‘खडा टाकून पाहणे’ अधिक नेमके आहे, आणि थोडे देऊन जास्त मिळवायचा हेतू असेल तर ‘गळ टाकणे’.

लिंगाविषयी थोडे. ‘गॅम्बिट’ मराठीत पुल्लिंगी चालवावा, कारण तो मनात ‘डाव’ या शब्दाशी जोडला जातो : गॅम्बिट खेळला, स्वीकारला, नाकारला. सामान्यरूप ‘गॅम्बिटचा’ असेच राहू द्यावे. आणि विशेषणात ‘राणीचा’ न लिहिता ‘वजिराचा गॅम्बिट’ लिहावे, ‘वजीराचा’ असा दीर्घ ‘जी’ नको.