माला-एन, छाया आणि जोडीला काढा: काय आड येतं?

आशा, खानापूर तालुका
माला-एन किंवा छाया या दिवस न राहण्याच्या गोळ्या चालू असलेल्या बायका सोबत वैद्याचा काढा, पोटाचं चूर्ण, होमिओपॅथीचे थेंब घेतात आणि खोदून विचारल्याशिवाय सांगत नाहीत. गोळीच्या आड नेमकं काय येतं? शिवाय बाळंतपणानंतर एरंडाचं बी गिळलं की दिवस जात नाहीत म्हणतात, त्यांना काय सांगू?

औषधदुकान, निपाणी
अक्का, पक्की खात्री आहे ती हायपेरिकमची. उदासीवर सेंट जॉन्स वर्टच्या कॅप्सूल मिळतात, ती हीच वनस्पती. तिच्यामुळं यकृत हार्मोन भराभर मोडतं. मग माला-एनच काय, संबंधानंतर 72 तासांत घ्यायची गोळीही कमी पडते. बंद केल्यावरही 4 आठवडे निरोध वापरायचा. होमिओपॅथीच्या 30 किंवा 200 लिहिलेल्या साबुदाणा गोळ्यांत वनस्पती उरतच नाही. मदर टिंक्चरच्या, म्हणजे मूळ अर्काच्या थेंबांत असते. म्हणून बाटली मागून लेबल वाचा. टीबीचं रिफाम्पिसिनही असंच, आणखी जोरात. तांबी (कॉपर-टी) आणि दिवस न राहण्याचं अंतरा इंजेक्शन यांना दोन्हींची बाधा नाही.

सिस्टर, बेळगाव
सोनामुखीनं एकदा पोट साफ झालं तर काही बिघडत नाही. माला-एन घेतल्यावर 3 तासांत उलटी झाली तर दुसरी गोळी लगेच. जोराचे जुलाब दिवसभराच्या वर गेले तर त्या गोळ्या चुकल्या असंच धरा: पाकीट चालू ठेवायचं, बरं वाटल्यावर 7 दिवस निरोध. शेवटच्या 7 लोहाच्या गोळ्यांत झालं तर घोर नाही.

छायाचा घोळ वारांचा. पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, रविवारी सुरू केली तर रविवार-बुधवार; पुढं फक्त रविवार. तिनं पाळी लांबते, आणि बायका घाबरून 'पाळी उतरवायचा' काढा घेतात. 15 दिवसांवर लांबली तर काढ्याआधी दिवस राहिलेत का याची लघवीची तपासणी. कावीळ झाली तर झाडपाल्याच्या औषधावर न राहता डॉक्टरांना गोळीचं सांगायचं.

औषधदुकान, निपाणी
एरंडाचं बी अख्खं गिळलं तर बहुतेक टरफलासकट तसंच पडतं. चावलं गेलं तर रिसिन हे विष सुटतं: उलट्या, रक्ताचे जुलाब. दिवस राहत नाहीत ते अंगावर पाजल्यामुळं, श्रेय मात्र बियाला.

सिस्टर, बेळगाव
तेही 6 महिनेच, बाळ फक्त अंगावर असेल आणि पाळी आली नसेल तरच. वरचं पाणी, पेज सुरू झाली की संपलं. पाजणाऱ्या बाईला तांबी किंवा छाया, 6 आठवड्यांनी अंतरा. माला-एन 6 महिन्यांनंतर.