२५ हजारांत पाच तारांचा बेस : गरज की हौस?

खर्जातला

नागपुरात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. पूर्ण वेळ नाही. दिवसा हिंगणा एमआयडीसीत नोकरी, गणपती-नवरात्र आणि लग्नसराईत महिन्याला सहा-आठ प्रोग्राम. हातात चार तारांचा साधा बेस, नऊ वर्षं जुना. आता पाच तारांचा घ्यायचाय, बजेट २५ हजार, फार ताणलं तर २८. पण ज्याला विचारावं तो एकच सांगतो : या पैशात पाचचा घेऊ नको, चारचाच चांगला घे.

मला हे पटत नाही. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची खुली (न दाबता वाजणारी) तार ई, म्हणजे आपली पांढरी ३. त्याखाली काही नाही. आमचे एक दादा काळी १ मध्ये गातात, दुसरे पांढरी २ मध्ये. मूळ गाणं कुठल्याही पट्टीतलं असो, स्टेजवर ते यांच्या पट्टीत येतं. आणि काळी १ चा खालचा सा माझ्या बेसवर नाहीच! मग ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या चौथ्या घरात) वरचा सा घ्यायचा. मुखडा संपून समेवर यावं, सगळ्यांनी धाडकन खाली बसावं, आणि मी एकटा वरच्या पायरीवर उभा. पाचवी बी तार असली की तिच्या दुसऱ्या फ्रेटवर काळी १, तिसऱ्यावर पांढरी २. हौस म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या प्रोग्रामला यावं.

संत्राबर्फी

यायला काय, येऊ. पण भाऊ, तो खालचा सा कागदावर मिळतो, कानाला मिळत नाही. मी या वाटेने जाऊन आलोय. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक स्वस्तातला पाच तारांचा मागवला. ई-ए-डी-जी बऱ्यापैकी. बी छेडली की आवाज 'ढब'. सूर नाही, फक्त ढब. गादी झटकल्यासारखा. ट्यूनर दाखवायचा बी, कान म्हणायचा कोण जाणे. सात महिन्यांनी सहा हजारांचा खड्डा खाऊन विकला.

कारण साधं आहे. ई तार ४१ हर्ट्झची, बी जवळपास ३१ ची. लांबी तेवढीच ३४ इंच ठेवून एवढं खाली जायचं म्हणजे तार जाड घ्यायची, तरीही ती बाकीच्यांपेक्षा सैलच राहते. मग नेक (बेसचा दांडा) कडक हवी, ब्रिज (तारा अडकवायचा खालचा भाग) जड हवा, नेकचा जोड घट्ट हवा. स्वस्त बेसमध्ये नेमकी इथेच काटकसर केलेली असते. चार तारांना ती खपून जाते, पाचव्या तारेला उघडी पडते. त्याच पैशात चार तारांचा सुरेख बेस येतो, यामाहाचा टीआरबीएक्स१७४ घे आणि मोकळा हो.

बुटीबोरी लोकल

काहून घाबरवून राह्यले बाप्पा पोराले! बेस खराब होता का तार खराब होती, हे पाह्यलं का कोणी? स्वस्त बेसवर कंपनीतून येते ते तारंच फालतू असते. मी मह्या बेसची बी तार काढली, जाड १३० ची टाकली, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) पाहून घेतला, इंटोनेशन बसवलं, म्हंजे सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर आणला. अर्धा ढब तिथंच गेला. उरलेला ढब मह्या हाताचा होता, तो सहा महिन्यानं गेला.

लोकं तार बदलत नाई, बेस विकते.

संत्राबर्फी

तार मीपण बदलली होती, राजा. नव्या तारेचा नवा ढब. आणि ही पाचची तार आणली कुठून? मी बुलडीतली दुकानं फिरलो, चारचे सेट होते, पाचच्या सेटला 'मागवून देतो'. ऐन नवरात्रात बी तुटली तर काय करशील?

बुटीबोरी लोकल

बी तार तुटते?? भाऊ, तितकी जाड तार तोडाले पाना लागते.

कोथरूडकर

पुण्याहून लिहितोय, त्यामुळे आधीच माफी मागून ठेवतो.

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या त्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांवर बेसिस्ट जेम्स जेमरसन वाजले चार तारांच्या फेंडर प्रिसिजनवर, तेही उजव्या हाताच्या एका बोटाने. जॅझ बेसिस्ट जॅको पास्टोरियस यांनी जे केलं ते चारच तारांवर. त्यांना पाचवी अडली नाही, आपल्याला नेमकी कुठे अडते? फार तर ई तार डी पर्यंत उतरवा, पांढरी २ मिळाली. काळी १ ला वरचा सा आणि खालचा पंचम घ्या. तो पंचम ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर आहेच. सा-प ची जोडी बांधली की तळ भरतो.

जाता जाता एक गंमत. फेंडरने १९६५ साली पाच तारांचा बेस आणला तेव्हा पाचवी तार खाली नव्हती, वर होती, सी ची. फ्रेट फक्त १५. तो चालला नाही. खालची बी सत्तरच्या दशकात आली आणि ऐंशीच्या दशकात सिंथ कीबोर्डांनी बेस आणखी खाली नेल्यावर तिची मागणी वाढली. १९८७ चा म्युझिक मॅन स्टिंगरे ५ त्याच लाटेतला. म्हणजे ही गरज बेसवाल्यांना पडलेली नव्हती, कीबोर्डमुळे पडली.

खर्जातला

सर, पंचमाचा मुद्दा खरा आहे, मी तेच करत आलोय. पण दर गाण्यात तेच केलं की सगळी गाणी एकाच साच्यातली वाटतात. आणि ई उतरवायची म्हणाल, तर एक गाणं काळी १, पुढचं लगेच बाईंचं काळी ४, निवेदक मध्ये दीड मिनिट बोलतो. त्यात तार उतरवू, चढवू की पुढच्या गाण्याचा कागद शोधू? शिवाय उतरवली की त्या तारेवरचे सगळे पाठ झालेले फ्रेट दोन घरं सरकतात. स्टुडिओत बसून सल्ला सोपा आहे. जॅकोंना आमचा निवेदक भेटला नव्हता.

कोथरूडकर

निवेदकापुढे मीही शरण. तरी माझं मत तेच.

मिक्सरमागची

मी सात वर्षं साउंड करते, कोराडी रोड, वर्धा रोडचे लॉन आणि अधूनमधून देशपांडे सभागृह. तुम्ही सगळे ज्या ३१ हर्ट्झवर भांडताय ते प्रेक्षकांपर्यंत जातच नाहीत. लॉनवर १२ इंची टॉप (मुख्य स्पीकर) असतात, ५० च्या खाली त्यांच्यातून फारसं काही निघत नाही. सब (फक्त खालच्या आवाजाचे स्पीकर) असले तरी बेसच्या चॅनलला मी स्वतः ४० च्या आसपास हाय-पास लावते, म्हणजे त्याखालचं कापते, नाहीतर सगळा मंडप घुमतो आणि नवरीकडचे काका मला शोधत येतात.

तरीही बी तार ऐकू येते, कारण ६२, ९३ असे तिचे वरचे स्वर येतात आणि मूळ स्वर कान स्वतः भरून घेतो. म्हणून बेस स्वस्त असो की महाग, मला त्या वरच्या स्वरांत स्वच्छता हवी. संत्राबर्फींचा 'ढब' म्हणजे हेच वरचे स्वर गढूळ असणं.

दुसरं, मला पाचवाला बेसिस्ट आवडतो तो खोलीसाठी नाही. ई, एफ, जी हे स्वर तो बी तारेच्या पाचव्या, सहाव्या, आठव्या फ्रेटवर घेतो तेव्हा हात एका जागी राहतो, आवाज गोल येतो आणि घाईत चुका कमी होतात. खर्जातला, तुमची मागणी बरोबर आहे, कारण मात्र अर्धंच सांगितलंत.

आणि कृपा करून उजव्या हाताचं बघा. चारवरून पाचवर आलेले सगळे अंगठा पिकअपवर (तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या पट्टीवर) टेकवून वाजवतात. बी तार मोकळी राहते, ए वाजली तरी तीही खाली गुरगुरत असते. फेडर (मिक्सरवरचा आवाजाचा खटका) खाली करावा तर बेसच जातो, ठेवावा तर गुरगुर. अंगठा बी तारेवर टेकवायचा, वरच्या तारांवर गेलात की अंगठाही सरकत सरकत पुढच्या तारेवर न्यायचा. एवढं शिकायला पैसे लागत नाहीत.

पेटीवाले आजोबा

आमच्या वेळी बेस म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. बेसवाला आला, डावा हात मोकळा झाला, चहा घेता येऊ लागला. आता तुम्ही पाच तारा घेऊन खाली उतरलात आणि कीबोर्डवाल्यानंही डावा हात सोडला नाही, तर तिथे दोघांची भाऊबंदकी. आधी कीबोर्डवाल्याशी बोला, मग दुकानात जा.

खर्जातला

आजोबा, आमचा कीबोर्डवाला चहा पीत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे.

मिक्सरमागची ताई, अंगठ्याचं लिहून घेतलं. आता घ्यायचाच म्हटलं तर काय बघू? डोक्यात तीन आहेत : आयबानेझचा जीएसआर२०५, स्क्वायरचा ॲफिनिटी जॅझ बेस फाइव्ह, आणि सेकंडहँड मिळाला तर यामाहाचा टीआरबीएक्स३०५. ३५ इंचवाला शोधू का? (स्केल लेंथ, म्हणजे तारेची लांबी म्हणतोय, सिंगरचं स्केल नव्हे. आमच्या ग्रुपवर यावरून अर्धा तास गोंधळ झाला होता.)

संत्राबर्फी

घेणारच असशील तर निदान डोळे उघडे ठेवून घे. ३५ इंचाचं फार कौतुक नको. तीच तार, तोच स्वर असेल तर इंचभर लांबीने ताण वाढतो साधारण ६ टक्के. फरक पडतो, पण चमत्कार होत नाही. डावा हात मात्र पहिल्या फ्रेटला जास्त ताणावा लागतो.

दुकानात बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई वाजव, मग लगेच खुली ई. दोन्ही एकाच स्वराचे. पहिला दुसऱ्यासारखा वाटतो की पोत्यात घालून वाजवल्यासारखा, हे ऐक. ॲम्पशिवायही वाजव, नेकवर हात ठेवून. मग एका हाताने पहिला फ्रेट दाब, दुसऱ्याने शेवटचा, आणि मध्ये आठव्याजवळ तार आणि फ्रेटमधली फट बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवून कमी होते का, हे दुकानदारालाच करून दाखवायला सांग. 'घरी करून घ्या' म्हणाला तर पायात चपला घाल.

ट्यून करताना मोबाइलचा ट्यूनर खुल्या बी ला गडबडतो. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून येणारा वरचा स्वर) छेड, लगेच पकडतो.

बुटीबोरी लोकल

अन् कूलर! नागपुरात बेस घेऊन राह्यला ना? मग कूलरसमोर ठेवू नको. मे महिन्यात बाहेर ४५, हवा कोरडी ठाक, घरात कूलरचा ओला वारा. दिवसभर कूलर, रात्री लाइट गेली की पुन्हा कोरडं. लाकडाले काय कळते बाप्पा काय चाललं ते. मह्या बेसची नेक एका उन्हाळ्यात दोनदा हलली. लाकूड आकसलं तं फ्रेटचे टोकं बाहेर आले, हात फिरवला का करवतीवानी लागे. केसमधी ठेव, केस आतल्या खोलीत ठेव.

अन् ॲक्टिव्ह (बॅटरीवाला) घेतला तं प्रोग्राम झाल्यावर केबल काढाची. केबल लागून राह्यली म्हणजे आतली ९ व्होल्टची बॅटरी चालूच. हळदीच्या प्रोग्रामात मही बॅटरी गेली, ऐन नवरी नाचाले उठली तेव्हा. दोन गाणे मी नुसती ॲक्टिंग केली.

मिक्सरमागची

ती ॲक्टिंग आम्हाला मागून लगेच कळते, फक्त आम्ही सांगत नाही.

नवशिक्याला मी पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) सांगेन, म्हणजे स्क्वायर. जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल पिकअप, दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की हम (विजेची घरघर) कमी. एकच पूर्ण उघडला आणि शेजारी हॅलोजनचा डिमर असेल तर घूंऽऽ. तुमच्याकडे नऊ वर्षांचा हात आहे, त्यामुळे ॲक्टिव्हही चालेल. पट्टा रुंद घ्या. चार तास उभं राहायचं असतं आणि पाचवाल्याचं डोकं जड असतं, अरुंद पट्ट्यावर ते खाली कलतं. मग डावा हात वाजवायच्या ऐवजी नेक धरून राहतो.

खर्जातला

अपडेट. रविवारी जरीपटक्यात एकाकडे जीएसआर२०५ पाहिला. चार वर्षं जुना, १७ हजार. एका फ्रेटजवळ चंद्रकोरीएवढा टवका, बाकी ठीक. नेकवर कार्ड सरकलं. पाचव्या फ्रेटचा ई आणि खुला ई आलटून पालटून वीसेक वेळा वाजवले, विकणारा कंटाळून आत गेला. फरक आहे, पण पोतं नाही. चादर म्हणा. सातव्या फ्रेटच्या वर बी तार गढूळ होत जाते, हे संत्राबर्फींचं खरं निघालं. पण तिथे वर मी बी तारेवर जाऊ कशाला?

घेतला. वर नवा सेट, पट्टा, आणि नट-इंटोनेशन करून घेतलं. सगळं मिळून २१ च्या आत.

संत्राबर्फी

अभिनंदन. चादर धुतली की पोतं होतं, पण असो. गणपतीत कुठे आहे प्रोग्राम? येतो ऐकायला. दादांना सांग, काळी १ सोडू नका.

खर्जातला

त्याचंच तर. दादांची बदली झाली, गोंदियाला. त्यांच्या जागी नवीन मुलगा आलाय, चांगला गातो. पांढरी ४.

कोथरूडकर

पांढरी ४ म्हणजे एफ. ई तारेचा पहिला फ्रेट.

संत्राबर्फी

😂😂 चार तारांचा ठेवलायस ना अजून?

खर्जातला

शुक्रवारी विकला.