मदत हवी आहे : निवृत्त चित्रकला शिक्षक असलेल्या बाबांना सावकाश मुंबई दाखवायची आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर माझे बाबा साताऱ्याहून आमच्याकडे डोंबिवलीला येतायत. वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर नीट चालतात, पण जिने त्रासदायक होतात आणि एका जागी फार वेळ उभं राहवत नाही. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. मुंबईला आले ते मात्र कुणाच्या लग्नाला, नाहीतर दवाखान्याच्या कामाला. या वेळी त्यांना निवांत मुंबई दाखवायची आहे.

मुंबई दर्शनची बस नको आहे, कारण त्यांची बघायची पद्धत वेगळी आहे. चित्र आवडलं की आधी लांबून बघतात, मग चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ जातात. जलरंग असेल तर कागद कुठे कोरा सोडलाय ते शोधतात. उजेडाची जागा पांढऱ्या रंगाने भरायची नाही, कागदच राखून ठेवायचा, हे त्यांनी वर्गात कित्येकदा सांगितलंय. अशा माणसाला एका दिवसात दहा ठिकाणं फिरवण्यात अर्थ नाही. एक-दोनच ठिकाणं हवीत, आणि तिथे बसायला जागा हवी.

काळा घोडा नक्की केलंय. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासूनची, प्रवेश मोफत, आणि चित्रकार बऱ्याचदा स्वतः तिथे बसलेले असतात. बाबांना त्यांच्याशी बोलायला फार आवडेल. शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथली लघुचित्रं दाखवायची आहेतच, पण मधल्या दालनातलं नाशिकच्या वाड्यातून आणलेलं कोरीव लाकूडकामही दाखवायचं आहे. वरच्या मजल्यावर लिफ्टने जाता येतं का? व्हीलचेअर आयत्या वेळी मिळते की आधी सांगावं लागतं? आणि दालनांमध्ये बाकं पुरेशी आहेत का? अलीकडे ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया लिहा.

आता माझ्यासाठी सगळ्यात जवळचा विषय, जेजे, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. बाबांना तरुणपणी तिथे शिकायचं होतं, घरच्या परिस्थितीमुळे जमलं नाही. १८५७ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेच्या आवारात ते एकदा तरी जाऊन यावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाहेरच्या माणसाला आत सोडतात का, आधी कुणाला पत्र द्यावं लागतं का? विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन साधारण कोणत्या महिन्यात असतं? ते जुळत असेल तर बाबांचा मुक्काम वाढवेन.

जेजेच्या निमित्ताने सीएसएमटीही होईल. स्टेशनचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि त्यावरचं बरंचसं कोरीवकाम जेजेच्याच विद्यार्थ्यांनी केलं. रोजचे प्रवासी आपण, मान वर करून बघत नाही, पण फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलाय, भिंतींवर पानं, पक्षी, प्राणी आहेत. महापालिकेच्या बाजूने दर्शनी भाग छान दिसतो. तिथे सावलीत बसून बाबांना वहीत रेखाटन करता येईल अशी जागा आहे का? क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं जेजेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची, तीही जाता जाता दाखवेन.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मध्य रेल्वेवर असल्याने सोयीचं आहे. ते सध्या उघडं आहे का, एवढंच सांगा. बुधवारी बंद असतं हे माहीत आहे.

एक नाटक हवंच. दादरच्या शिवाजी मंदिरात दुपारचा प्रयोग बघून संध्याकाळच्या गर्दीत सापडण्यापेक्षा सकाळचा प्रयोग बरा, असं वाटतं. पण नाट्यगृह वर आहे. जिना टाळता येतो का? नसेल तर माटुंग्याचं यशवंत किंवा पार्ल्याचं दीनानाथ यांपैकी गुडघ्यांना कोणतं सोपं? नाटकानंतर 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष ठरलंय, तिथे रांगेत उभं राहावं लागणार नाही अशी वेळ सुचवा.

राहता राहिली घारापुरी. महेशमूर्तीचं चित्र बाबांनी फळ्यावर खडूने काढून दाखवलेलं मला आठवतं, प्रत्यक्ष मूर्ती त्यांनी पाहिलेली नाही. पण गेटवेला हलत्या बोटीत चढायचं, उतरल्यावर शंभराहून जास्त पायऱ्या चढायच्या. वर नेणाऱ्या डोल्या असतात, मात्र बाबा डोलीत बसायला तयार होतील का याची धास्ती आहे. कुणी आपल्या आईवडिलांना तसं नेलंय का? उतरताना भीती वाटते का, दर आधी ठरवावा लागतो का? हे जमणार नसेल तर बोरिवलीची मंडपेश्वर लेणी हा पर्याय डोक्यात आहे. रस्त्यालगत आहेत, चढण नाही, आत नाचणाऱ्या शिवाचं शिल्पही आहे, जरी बरंच झिजलेलं असलं तरी.

डोलीचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सगळ्यात आधी लिहा. घारापुरी सोमवारी बंद असते, मला रजा बाकीच्या वारी टाकावी लागेल आणि ऑफिसात ती या आठवड्यातच सांगायची आहे.