स्मार्टवॉच बदलायचंय: अ‍ॅल्युमिनियम, स्टील, टायटॅनियम की सिरॅमिक?

मनगटमाप:
सध्याचं घड्याळ काळं, अ‍ॅल्युमिनियमचं, ४५ मिमीचं. बॅटरी दुपारीच मान टाकते, त्यामुळे बदलायचं हे नक्की आहे. अडलंय ते केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, धातूपाशी. आत्ताच्या केसच्या खालच्या कडेला, वजनांचा बार पकडताना जिथे घासतं तिथे, काळा रंग जाऊन सहा-सात मिलिमीटरची चांदीसारखी रेघ उठली आहे. काचेवर बारीक चरे भरपूर, त्यातला एक नखाला लागतो इतका खोल.

वापर असा: आठवड्यातून चार दिवस वजनं, दोन दिवस पोहणं, बाकी वेळ कीबोर्ड. झोपतानाही हातात असतं. मनगटाचा घेर १६ सेंमी. पट्ट्याच्या बकलखाली त्वचा लाल होऊन खाजते. नवीन घड्याळ पाच वर्षं तरी वापरायचंय आणि शक्यतो पुन्हा काळंच हवंय.

स्टील जड पडेल का? टायटॅनियमवर चरे पडत नाहीत हे खरं का? सिरॅमिकचा विचार करावा का? आणि केस बदलून खाज थांबेल का?

कानस:
चरे सगळ्याच धातूंवर पडतात. पडल्यावर तो चरा कसा दिसेल आणि तो काढता येईल का, हे बघून धातू निवडा.

तुमची ती चांदीसारखी रेघ का उठली ते आधी बघू. अ‍ॅल्युमिनियमचा काळा रंग वरून फासलेला नसतो. केस आम्लाच्या द्रावणात ठेवून तिच्यातून वीज सोडतात, तेव्हा पृष्ठभागाचंच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड होतं. त्या थरातल्या सूक्ष्म छिद्रांत रंग भरतात आणि छिद्रं बंद करतात. हा थर चांगला कडक असतो, पण जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, आणि खालचा धातू मऊ. ओल्या मातीवर सुकून धरलेल्या खपलीसारखं समजा: हलक्या घासण्याला खपली दाद देत नाही, पण टोकदार दाब आला की खालची माती दबते आणि खपली फुटते. बारच्या मुठीवरची खरबरीत जाळी नेमका असाच दाब देते. फुटलेला थर घरी दुरुस्त होत नाही. घासलात तर रेघ रुंद होईल, एवढंच. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच घ्यायचं ठरलं तर चंदेरी घ्या. तोच चरा त्यावर फारसा दिसत नाही, कारण खालचा धातू त्याच रंगाचा.

घड्याळातलं स्टील बहुधा ३१६एल असतं. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. घाम आणि तलावाचं पाणी यांतल्या क्लोराइडपुढे ते टिकतं ते या मॉलिब्डेनममुळे. आरशासारख्या चकचकीत स्टीलवर पहिल्याच आठवड्यात केसासारखे बारीक चरे दिसू लागतात. पण आतबाहेर एकच धातू असल्यामुळे पॉलिशच्या कापडाने ते निघतात. हे फक्त कोटिंग नसलेल्या स्टीलला लागू.

वजनाबद्दल. घनता बघितली तर अ‍ॅल्युमिनियम २.७, टायटॅनियम ४.५, स्टील ८ (ग्रॅम दर घन सेंटिमीटरला). घड्याळात मात्र फरक इतका पडत नाही, कारण काच, बॅटरी, सर्किट तेच राहतं. अ‍ॅपल वॉच सिरीज ९ चं ४५ मिमीचं अ‍ॅल्युमिनियम ३८.७ ग्रॅम, स्टील ५१.५ ग्रॅम. सिरीज १० मध्ये ४६ मिमीचं अ‍ॅल्युमिनियम ३६.४ आणि टायटॅनियम ४१.७. म्हणजे स्टीलला तेरा ग्रॅम जास्त, टायटॅनियमला पाच. १६ सेंमीच्या मनगटावर ते तेरा ग्रॅम झोपेत कूस बदलताना आणि धावताना जाणवतात. जड घड्याळ हिसक्यासरशी सरकतं, मागच्या सेन्सरखाली फट पडून बाहेरचा उजेड शिरतो आणि नाडीचे आकडे बिघडतात. मग पट्टा आवळावा लागतो, आणि आवळला की खाज वाढते.

आता टायटॅनियम. चरे पडत नाहीत, हे खरं नाही. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम, त्याची कठिणता साधारण ३१६एल स्टीलइतकीच: दोन्ही विकर्स मापावर १५० ते २०० च्या घरात. ग्रेड ५ मध्ये ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, ते साधारण ३५० ला जातं. त्यामुळे माहितीपत्रकात नुसतं ‘टायटॅनियम’ लिहिलंय की ग्रेडही दिलाय, ते बघा. टायटॅनियम बहुतेक वेळा मॅट, करड्या रंगात येतं, त्यामुळे त्यावरचे चरे स्टीलइतके चमकत नाहीत.

काळं टायटॅनियम किंवा काळं स्टील म्हणजे वर पीव्हीडी (निर्वातात वाफेतून बसवलेला पातळ थर) किंवा डीएलसीचं (हिऱ्यासारखा कडक कार्बनचा थर) कोटिंग. हे जेमतेम काही मायक्रॉनचं असतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. डीएलसी खूपच कडक, रोजच्या घासण्याला ते उत्तम टिकतं. पण कडेवर बारचा ठोसा बसला आणि तेवढ्या जागी कोटिंग गेलं, की पुन्हा तीच चांदीसारखी रेघ. तुमच्या वापराला मी बिनकोटिंगचं करडं टायटॅनियमच सांगेन. काळ्याचा हट्ट असेल तर पट्टा काळा घ्या.

सिरॅमिक सोडा. झिर्कोनियाची पूड दाबून १४०० अंश सेल्सिअसच्या वर भाजतात, भाजताना वस्तू साधारण पाचवा हिस्सा आकसते आणि कठिणता १२०० विकर्सच्या आसपास पोचते. किल्ल्या, टेबलाची कड, कशानेही ओरखडा उठत नाही. पण धातूला ठोसा बसला तर पोचा पडतो, सिरॅमिकचा टवका उडतो. लोखंडी वजनांच्या जागी ती केस नको. शिवाय पर्यायही थोडे. अ‍ॅपलने २०१६ मध्ये सिरीज २ ला आणि २०१९ मध्ये सिरीज ५ ला ती दिली होती.

स्फटिक:
कानस यांनी धातूचं नीट सांगितलंय, पण प्रश्नातच काचेवरचा चरा नखाला लागतोय असं लिहिलंय. रोज डोळ्यासमोर असते ती काच, कड नव्हे. आधी काच ठरवा, मग धातू.

काचेवर चरे पाडते ती मुख्यतः धूळ. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, कठिणतेच्या १ ते १० च्या मोह्स मापावर ७. घड्याळाची मजबूत केलेली काच ६ च्या आसपास. सफायर, म्हणजे काचेच्या जागी बसवतात तो कृत्रिम नीलम, ९. म्हणजे धुळीने काच चरते, सफायर नाही. अ‍ॅल्युमिनियमवरचा तो कडक थर आणि सफायर हे रासायनिकदृष्ट्या एकच, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. फरक इतकाच की सफायर एकसंध स्फटिक असतो आणि जाड असतो, त्यामुळे खालून दबत नाही.

त्याचे तोटेही आहेत. सफायरचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो त्याचं माप) १.७७, साध्या काचेचा १.५ च्या आसपास. त्यामुळे सफायरच्या उघड्या पृष्ठभागावरून जवळपास ८ टक्के उजेड परत फिरतो, काचेवरून ४. उन्हात पडदा किंचित फिका वाटतो, तेव्हा परावर्तन कमी करणारं कोटिंग आहे का ते बघा. दुसरं म्हणजे, सफायर चरत नाही, पण फुटू शकतो. काठावर टोकाचा मार बसला तर काचेइतकाच, कधी काचेपेक्षा लवकर. म्हणून जिथे धातूची कड काचेपेक्षा किंचित वर आलेली असते ती रचना वजनं उचलणाऱ्याला बरी. डोळ्यांच्या पातळीवर घड्याळ आडवं धरून बघा: काच कडेच्या वर डोकावत असेल तर पहिला मार तिलाच बसणार.

आणि भारी धातू म्हणजे भारी काच, हे गृहीत धरू नका. अ‍ॅपलच्या सिरीज १० मध्ये अ‍ॅल्युमिनियमला आयन-एक्स (मजबूत केलेली) काच आणि टायटॅनियमला सफायर, हे खरं. पण सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉच ५ ला केस अ‍ॅल्युमिनियमची असूनही सफायर आहे, आणि गूगलच्या पहिल्या पिक्सेल वॉचला केस स्टीलची असून काच गोरिला ग्लास. गार्मिन फेनिक्स ७ मध्ये तर स्टील किंवा टायटॅनियमचं असतं ते वरचं बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं. मुख्य अंग तंतू घातलेल्या प्लास्टिकचं. म्हणून तिथे फरक ७९ ग्रॅम विरुद्ध ७३ ग्रॅम इतकाच.

जाता जाता: वरून चिकटवायच्या फिल्मवर ‘९एच’ छापलेलं असतं, ते पेन्सिलीच्या मापावरचं आहे. मोह्सचा ९ नव्हे. ती फिल्म सफायरसारखी वागेल ही अपेक्षा ठेवू नका.

पट्टाबदल:
खाजेचं उत्तर केसमध्ये नाही. बऱ्याच स्मार्टवॉचचा त्वचेला टेकणारा मागचा भाग सेन्सरसाठी काच, सिरॅमिक किंवा सफायरचा असतो. तुम्ही बकलखाली लाल होतं म्हणताय, म्हणजे संशयित बकल. टायटॅनियमचं घड्याळ घेऊन तोच पट्टा लावलात तर खाज तशीच राहील.

आधी लाल डागाचा आकार बघा. बकलच्या चौकोनाची हुबेहूब छाप उठत असेल आणि घातल्यावर एक ते तीन दिवसांत वाढत असेल, तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. पट्टाभर, विशेषतः पोहून आल्यावर लाल होत असेल, तर घाम आणि साबण अडकून राहतोय.

निकेल तपासायला डायमिथाइलग्लायॉक्झाइमचे थेंब मिळतात. बकल पुसून कोरडं करा, कापसाच्या काडीवर दोन थेंब घ्या, बकलच्या आतल्या बाजूला तीस सेकंद घासा. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. युरोपीय संघात त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूंसाठी मर्यादा आहे ती दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम. चांगलं ३१६एल सहसा त्यात बसतं, कारण वरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर निकेलला धरून ठेवतो. खरी पंचाईत मुलामा दिलेल्या स्वस्त बकलांची. घामाने आणि घर्षणाने मुलामा झिजतो आणि खालचं निकेल उघडं पडतं.

उपाय म्हणजे विणलेला, चिकटपट्टीने बंद होणारा पट्टा, किंवा टायटॅनियमचं बकल. पट्टा करंगळी सरकेल इतका सैल ठेवा. पोहून आल्यावर घड्याळ उतरवून ते आणि पट्टा दोन्ही साध्या पाण्याखाली धरा, पुसा, मनगट कोरडं झाल्यावरच पुन्हा घाला. फोड येत असतील किंवा पाणी सुटत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्ट्या चिकटवून अ‍ॅलर्जी शोधायची चाचणी) करून घ्या.

साधाहिशोब:
पाच वर्षं म्हणताय म्हणून एक गोष्ट सांगतो. तुमचं आत्ताचं घड्याळ बॅटरीने थकलंय, केसने नाही. नवीनही तसंच थकेल. एकाच मॉडेलमध्ये चिप आणि सेन्सर सगळ्या केसना सारखेच असतात. टायटॅनियमने नाडी जास्त अचूक मोजली जात नाही, की पाणी जास्त अडत नाही. पाणी अडतं ते आतल्या रबरी सीलमुळे, आणि साबण-शॅम्पूने ते सगळ्याच घड्याळांत सारखंच खराब होतं. अ‍ॅपलच्या सिरीज १० मध्ये टायटॅनियम फक्त सेल्युलर प्रकारातच आहे, म्हणजे सिमची सोय नको असली तरी तिचे पैसे भरावे लागतात. चंदेरी अ‍ॅल्युमिनियमला सफायर मिळत असेल तर ते घ्या आणि वाचलेले पैसे तीन वर्षांनी अधिकृत केंद्रात बॅटरी बदलायला ठेवा.

एक सूचना कव्हरबद्दल. प्लास्टिकचं बंपर वजनांपुरतं लावा आणि लगेच काढा. कायम ठेवलंत तर आत शिरलेली धूळच पॉलिश पेपरसारखी केस घासत राहते.

मनगटमाप:
बकलच्या चौकोनाचीच छाप उठते, त्यामुळे पट्टा आधी बदलतो. काळ्याचा हट्ट सोडला. सफायर हवाच. मन करड्या, ब्रश केलेल्या (एका दिशेने बारीक रेषा असलेल्या) टायटॅनियमकडे झुकतंय. बारच्या जाळीचे ओरखडे त्यावर पडणारच, तर ते घरी काढता येतील का? नेमकं कसं?

कानस:
येतात, पण फक्त कोटिंग नसलेल्या, ब्रश केलेल्या फिनिशवर.

आधी खात्री करा की तो चरा आहे. टायटॅनियमवरच्या बऱ्याच ‘ओरखड्यां’त टायटॅनियम गेलेलंच नसतं. बारचा किंवा टेबलाचा धातू त्यावर लिहिला गेलेला असतो, कागदावर शिसपेन्सिल चालावी तसा. नख फिरवा. नख अडत नसेल तर साधं पांढरं खोडरबर घेऊन वीस-तीस वेळा घासा. रेघ बहुधा तिथेच संपते.

नख अडलं तर पुढचं. काच, क्राउन (बाजूची फिरवायची कळ), बटण, माइक आणि स्पीकरची छिद्रं रंगकामाच्या कागदी चिकटपट्टीने झाकून घ्या, पट्टा काढा. राखाडी रंगाचा, अगदी बारीक प्रतीचा न विणलेला घासणीचा पॅड घ्या, भांड्यांची हिरवी घासणी नको. भिंगातून मूळ रेषांची दिशा बघा. त्याच दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हलक्या हाताने आठ-दहा वेळा ओढा. पुढे-मागे घासू नका आणि फक्त चऱ्यापुरतंही घासू नका, नाहीतर तेवढाच पट्टा वेगळा चमकतो. पुसून बघा, लागलं तर पुन्हा. खोल खोक राहू द्या, तिच्यामागे लागलात तर कडेचा कोन गोल होतो.

फिनिश वाळूच्या फवाऱ्याने मॅट केलेली असेल तर पॅड लावू नका, चकाकणारा डाग पडतो आणि तो घरी जात नाही. टूथपेस्ट आणि खायचा सोडा कुठल्याच कोटिंगवर नको. आणि घासलेली बारीक पूड छिद्रांवर हवेचा झोत मारून उडवू नका. किंचित ओल्या कापडाने टिपून घ्या, मगच चिकटपट्टी काढा.

पट्टाबदल:
नवीन घड्याळाला धातूच्या कड्यांचा पट्टा घेणार असाल तर तो टायटॅनियमचाच बघा. स्टीलच्या पट्ट्याचा रंग करड्या टायटॅनियमशी जुळत नाही, स्टील जास्त उजळ दिसतं. वजनं उचलताना मात्र विणलेलाच लावा. मनगट मागे वाकलं की धातूची कडी हाताच्या पाठीत रुततात.

मनगटमाप:
ठरलं. सफायर, करडं टायटॅनियम, काळा विणलेला पट्टा. जुन्या बकलवर थेंबांची चाचणी करून कापसाचा रंग इथेच कळवतो.