मदत हवी आहे: स्क्रीन लपवता लपवता मान आखडली, बोटांना मुंग्या

नमस्कार. मी ऑफिसात पगारपत्रकं आणि कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक फाइली सांभाळते. माझं टेबल जाण्यायेण्याच्या वाटेला लागून आहे आणि पाठ वाटेकडे. तीन महिन्यांपूर्वी मागून जाणाऱ्या कुणीतरी एका सहकाऱ्याच्या पगाराचा आकडा माझ्या स्क्रीनवर वाचला. दुपारपर्यंत तो मजलाभर झाला. ते सहकारी मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण दिवसभर खाली मान घालून बसले होते. ते मला अजून डाचतंय.

त्यानंतर मी मॉनिटर डावीकडे भिंतीच्या बाजूला वळवला, त्यावर प्रायव्हसी फिल्टर लावला आणि सगळ्या फाइली पायाशी असलेल्या कुलपाच्या खणात ठेवायला लागले. आता होतंय असं, की कीबोर्ड समोर आणि स्क्रीन डावीकडे, त्यामुळे मान सतत वळलेली. अक्षरं अंधूक दिसतात म्हणून पुढे झुकते. प्रत्येक फाइलसाठी खाली वाकायचं. संध्याकाळी मान दगडासारखी होते. महिनाभरापासून उजव्या हाताची करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. टायपिंगमुळे मनगटाचा त्रास असेल का?

आणि एक कबूल करते. गेल्या आठवड्यात वाकवेना म्हणून एक फाइल टेबलावर तशीच ठेवून जेवायला गेले. म्हणजे जे टाळायला एवढं केलं, तेच माझ्या हातून झालं. टेबल हलवता येणार नाही. माहितीही सुरक्षित राहील आणि शरीरही, असं काही सुचवाल का?

कोपरा
टेबल हलत नसेल तर तुम्ही वळा. नुसता मॉनिटर फिरवला की मान पिळते. खुर्ची, कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर चौघांना एका रेषेत आणा, म्हणजे तुम्ही टेबलाच्या भिंतीकडच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसाल.

अंधूक दिसण्याचं कारणही तेच असणार. हा फिल्टर समोरून बघणाऱ्यालाच नीट दाखवतो, तिरकं बघणाऱ्यासाठी स्क्रीन काळी पडते. सध्या तिरक्या तुम्हीच बसताय. सरळ समोर बसा आणि ब्राइटनेस थोडा वाढवा. मात्र बरोबर पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला फिल्टर अडवत नाही, म्हणून भिंत पाठीशी किंवा बाजूला येईल असं बघा. स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. बायफोकल चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर हनुवटी वर करून वाचाल.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे बसून निदान करता येणार नाही, पण बोटं कोणती ते तुम्ही नेमकं लिहिलंत हे फार बरं केलंत. मनगटातली नस दबली तर सहसा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू म्हणजे दुसरी नस, अल्नर. कोपर आपटलं की जिच्यामुळे हातभर झिणझिण्या जातात, तीच. ती कोपराच्या आतल्या बाजूला जवळजवळ कातडीखालीच असते. उजवं कोपर टेबलाच्या कडेवर टेकतं का? झोपताना हात कोपरात दुमडलेला असतो का? बधिरपणा जात नसेल, वस्तू हातातून निसटत असतील किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग बसत चालला असेल, तर थांबू नका. तसं काही नसलं तरी महिना झालाय, डॉक्टरांना दाखवून घ्या.

धागाकर्ती
तुमचं वाचलं आणि बाही वर करून बघितली. कोपराच्या आत टेबलाच्या कडेचा सरळ लाल वळ आहे! डाव्या हाताने फाइल धरून डावीकडे बघताना सगळा भार उजव्या कोपरावर टाकते, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

सांधेजोड
मग फाइल हातात धरणं बंद करा. कागद उभा धरणारा तिरका स्टँड मॉनिटरला लागून ठेवा. कोपर शरीराजवळ, साधारण काटकोनात, कडेवर टेकलेलं नाही. पाय जमिनीवर.

कुलूपकिल्ली
मी वीस वर्षं रेकॉर्ड विभागात आहे. टेबलावर राहिलेल्या फाइलीबद्दल स्वतःला दोष देऊ नका. कुलूप लावणं अवघड असलं की कधीतरी ते राहतंच, म्हणून ते सोपं करणं हाच बंदोबस्त. त्या दिवशीच्या फाइली सकाळी एकदाच काढा आणि हाताच्या उंचीवरच्या, कुलूप असलेल्या खणात ठेवा. खालचा खण परत संध्याकाळीच उघडायचा. उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबा, स्क्रीन लॉक होते.

मला जास्त काळजी एक्सेलची वाटते. पगाराचा कॉलम लपवून किंवा शीट प्रोटेक्ट करून फाइल पाठवली की लोक निर्धास्त होतात. ते कुलूप नव्हे. फाइल, मग इन्फो, मग प्रोटेक्ट वर्कबुक, तिथे पासवर्ड टाकून एनक्रिप्ट करायची सोय आहे, ते कुलूप. पासवर्ड त्याच मेलमध्ये पाठवू नका, फोनवर सांगा. पीडीएफमध्ये आकड्यावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर बहुतेक वेळा कॉपी करता येतो, तेव्हा तो काढूनच टाका.

रद्दीसाठी श्रेडर कोणता आहे? लांब पट्ट्या पाडणारा असेल तर बदलून मागा. 1979 मध्ये तेहरानचा अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला, त्यानंतर तिथले असे पट्टी-पट्टी झालेले कागद माणसांनी हाताने जुळवले होते. पी-4 दर्जाच्या यंत्रात तुकडा 160 चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो, पगारपत्रकांना तो घ्या.

धागाकर्ती
दहा दिवसांनी लिहितेय. कोपऱ्याकडे तोंड करून बसते, स्टँड आणला, वरच्या खणाला कुलूप बसवून घेतलं. मानेला बराच आराम आहे. मुंग्या दिवसा कमी झाल्यात, पहाटे अजून येतात, परवा डॉक्टरांकडे जातेय. त्या सहकाऱ्यांना भेटून माफी मागितली आणि काय काय बदललं ते दाखवलं.

एक राहिलं. प्रिंटर वाटेच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी पोचेपर्यंत पगारपत्रक ट्रेमध्ये पडून असतं. याला काही उपाय?

कुलूपकिल्ली
प्रिंट देताना प्रॉपर्टीजमध्ये सिक्युअर प्रिंट किंवा तशा नावाचा पर्याय दिसतो का बघा. पिन टाकून ठेवायचा. प्रिंटरपाशी जाऊन तोच पिन दाबला की मगच कागद बाहेर येतो.