'टेडी फेस' पॉमेरेनियन: नाक किती आखूड चालवून घ्यायचं?

परभणीकर:
लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठंही पिल्लाची चौकशी करा, 'टेडी फेस' म्हणून जास्तीचे पैसे सांगायलेत. म्हणजे नाक जवळजवळ डोळ्यांना चिकटलेलं. एफसीआय म्हणजे कुत्र्यांच्या जातींची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जात कशी दिसावी याच्या वर्णनात, पॉमची मझल (चेहऱ्याचा पुढं आलेला नाका-तोंडाचा भाग) आणि कवटी यांचं प्रमाण साधारण 2:4 दिलंय. नाकाच्या टोकापासून डोळ्यांमधल्या खळग्यापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट तिथून डोक्यामागच्या हाडापर्यंत. याहून आखूड नाकाचं पिल्लू घेऊच नये, असं माझं मत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, नाकातल्या ओल्या पडद्यांवरून आणि जिभेवरून हवा खेळवून तो अंग गार करतो. नाकच दाबलं तर हवा खेळणार कुठं? आणि आपला मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

जालन्याचा स्पिट्झवाला:
दादा, अमेरिकन स्टँडर्ड वाचलं का? तिथं मझल एक तृतीयांश आहे. मग आमचं आखूड चुकीचं कसं? लांब नाकच पाहिजे तर लातूरकडचा कारवान शिकारी कुत्रा पाळा की, पॉमच्या मागं कशाला लागता?

परभणीकर:
भाऊ, तो एक तृतीयांश अख्ख्या डोक्याचा आहे. एक भाग मझल, दोन भाग कवटी. भागून बघा, निम्मंच येतंय.

उदगीरची ताई:
नेदरलँड्समध्ये मझल कवटीच्या निम्मी किंवा जास्त असली की हिरवा शेरा, म्हणजे नाकाच्या लांबीत पास, कवटीच्या 0.3 पटीच्या खाली गेली की पैदाशीला बंदी. म्हणजे पॉमचं स्टँडर्ड बरोबर हिरव्या रेषेवर उभं आहे. जरा आखूड केलं की घसरलं. पण परभणीकर, नुसती पट्टी लावून भागत नाही. नाकपुड्या बघा. ब्रिटनच्या केनेल क्लबच्या, पग या चपट्या तोंडाच्या जातीच्या स्टँडर्डमध्येसुद्धा आता चांगल्या उघड्या नाकपुड्या मागितल्यात. पिल्लू खेळून दमलं की तोंड मिटलेलं असताना कान द्या, घुरघुर येते का. जबडाही उघडून बघा. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला मोठ्या जातीत दात 42, छोट्या जातीतही 42. जबडा आखूड झाला म्हणून दात कमी होत नाहीत, ते आडवेतिडवे बसतात.

जालन्याचा स्पिट्झवाला:
ताई, बोलणं सोपं आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवून 'अस्संच द्या' म्हणतं. निम्म्या नाकाचं पिल्लू दाखवलं की 'हे तर साधं पामेरियन, आमच्या मामाकडं होतं' म्हणून उठून जातं. मामाकडचा तो इंडियन स्पिट्झ, पॉमसारखी दिसणारी वेगळीच जात, हे त्याला कोण सांगणार? माझी कुत्री कूलरपुढं असतात, एकाला कधी धाप लागली नाही.

बीडकर:
दुपारी दोनला लाइट गेल्यावर या आमच्याकडं, मग बोलू.

परभणीकर:
गिऱ्हाईक मागतंय म्हणून स्टँडर्ड बदलत नाही. सफरचंदासारखं गोल डोकं तर त्यात मोठा दोष धरलाय, आणि तुम्ही त्याचेच जास्त पैसे घ्यायलात. घेणाऱ्यांनो, एक करा. ग्रूमिंगवाले चेहऱ्याचे केस गोल कापतात, त्यात मझल असते त्यापेक्षा आखूड दिसते. दोन बोटांनी गालावरचे केस मागं दाबा आणि खळगा चाचपून बघा. खरी लांबी तेव्हाच कळते. पिल्लांचं नाक वाढत्या वयात लांबतं, म्हणून आईबापांनाही बघायला मागा.

जालन्याचा स्पिट्झवाला:
आईबाप दाखवतो, पट्टी घेऊन या. भाव मात्र तोच राहील.