सेंट लुईसमध्ये आर्च सोडून बाबांना काय दाखवू?

भटका_नाशिककर:
आईबाबा पुढच्या महिन्यात येतायत. बाबा इतिहासाचे रिटायर्ड मास्तर, कुठेही गेले की पाटी पूर्ण वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, रायगडावर आम्ही सगळे रोपवेने खाली येऊन चहा प्यायलो तरी हे वरच. इथे अमेरिकेत ज्याला विचारावं तो म्हणतो आर्च बघा, मिसिसिपी नदीकाठची ती मोठी कमान. ते बघणारच, ६३० फूट उंच आहे आणि वर जाता येतं म्हटल्यावर बाबा सोडतात होय! पण दोन दिवस आहेत, शहर खरं समजेल असं काय आहे? आईचे गुडघे दुखतात, चढ नको.

मिसिसिपीकाठी:
डोळे मिटून ओल्ड कोर्टहाऊस. आर्चच्या समोरच घुमटाची इमारत, २०२५ मध्ये दुरुस्ती होऊन उघडलीय, आता लिफ्टही आहे. ड्रेड स्कॉट आणि त्यांची बायको हॅरिएट हे गुलाम जोडपं, १८४६ मध्ये दोघांनी स्वातंत्र्यासाठी दावा लावला, १८५० मध्ये याच कोर्टात ज्युरीने त्यांना मोकळं ठरवलं, मग मिसुरी राज्याच्या वरच्या कोर्टाने ते फिरवलं आणि शेवटी १८५७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. चार वर्षांत यादवी पेटली. आणि याच इमारतीच्या पायऱ्यांवर गुलामांचे लिलाव व्हायचे, हे बाबांना तिथे उभं राहूनच सांगा. बाहेर दोघांचा पुतळा आहे. ड्रेड यांची कबर शहराच्या उत्तरेला कॅल्व्हरी सिमेट्रीत, जवळजवळ शंभर वर्षं त्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता, तो १९५७ मध्ये बसला. लोक त्यावर एक-एक सेंटची नाणी ठेवतात, गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा चेहरा असलेली.

पुरातन_वेडा:
कोर्टहाऊस बरोबरच, पण शहराची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते हो. इथे मूळ लोकांनी रचलेली मातीची मोठी टेकाडं होती, म्हणून याला माउंड सिटी, म्हणजे टेकाडांचं शहर म्हणायचे, त्यातलं सगळ्यात मोठं बिग माउंड १८६९ पर्यंत खणून सपाट केलं आणि माती भरावाला वापरली. आता ब्रॉडवेजवळ आठवणीचा एक दगड तेवढा. शहराच्या हद्दीत शुगरलोफ हे एकच टेकाड उरलंय, ओसेज या मूळ जमातीच्या लोकांनी २००९ मध्ये त्याचा भाग विकत घेतला, आपल्याच पूर्वजांची जागा पैसे मोजून परत घ्यावी लागली! नदीपलीकडे इलिनॉय राज्यात कहोकिया, मूळ लोकांच्या जुन्या शहराची जागा, तिथलं मंक्स माउंड साधारण १०० फूट. पायऱ्या बऱ्याच आहेत, काकूंनी खालूनच बघावं.

पूल_आणि_पाणी:
कहोकिया नक्की करा, त्या दगडासाठी मात्र मुद्दाम गाडी काढू नका, बाबांची निराशा होईल. त्यापेक्षा ईड्स ब्रिजवरून संध्याकाळी चाला, सपाट आहे. १८७४ चा, एवढ्या मोठ्या पुलाला पोलाद वापरायची हिंमत तोवर कुणी केली नव्हती. पाये नदीच्या तळाखालच्या खडकापर्यंत न्यायला कामगार दाबलेल्या हवेच्या पेटीत उतरून खणायचे, वर आले की सांधे आखडून वाकून जायचे, डझनभराहून जास्त माणसं त्यात गेली. हवेचा दाब हळूहळू उतरवायला हवा होता हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. मी सिव्हिलवाला, पुलावर गेलो की कमानींआधी तेच लोक आठवतात.

पुरातन_वेडा:
निराशा होईल म्हणूनच न्या हो! एवढं मोठं पाडलं आणि एवढंसं ठेवलं, हे इतिहासाच्या मास्तरांना दाखवायचं नाही तर कुणाला?

मिसिसिपीकाठी:
मग मिल क्रीक व्हॅलीचे खांबही घ्या, फुटबॉल स्टेडियमला लागूनच, सपाट जागा. काळ्या लोकांची भरलेली वस्ती होती, १९५९ पासून पाडली, साधारण २०,००० लोक हलवले. वाळूच्या घड्याळाच्या आकाराचे ग्रॅनाइटचे खांब २०२३ मध्ये उभे केलेत.

भटका_नाशिककर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या दिवशी आर्च, कोर्टहाऊस, संध्याकाळी पूल. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाआधी कहोकिया, येताना दगड आणि कॅल्व्हरी, आईला बरं वाटत असेल तर खांब. बाबांना आजच फोनवर स्कॉट यांचं सांगितलं, ते आत्ताच तारखा लिहून घेतायत.